मंगळवारी येणारी आजी

ताई,

एमएसडब्ल्यू झाल्यापासून, म्हणजे गेली तीन वर्षं, मी मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात सामाजिक कार्यकर्ती आहे. कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी नवा आदेश, प्रवासभत्ता कधी वेळेवर नाही. पण पत्र त्यासाठी लिहीत नाहीये.

दिवाळीनंतर आठवड्याभरात १०९८ वर, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर, फोन आला, की एका वस्तीवर सात वर्षांची मुलगी आणि तिचा चार वर्षांचा भाऊ वाऱ्यावर सोडलेले आहेत. आईबाप ऊसतोडीला गेलेले. मी गेले. घरात आजी होती, पण तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. पिठाचा डबा रिकामा. धाकट्याच्या डोक्यात उवा, खाजवून खाजवून जखमा झालेल्या, त्यांत पू. मी अहवाल दिला. बाल कल्याण समितीनं दोघांना तात्पुरतं बालगृहात ठेवलं. चौकशी अजून चालू आहे, आईबाप एकदाही समितीपुढे आलेले नाहीत. आजी मात्र दर मंगळवारी आमच्या कार्यालयात येते. बाकावर बसून राहते. भांडत नाही, रडत नाही. चारच्या सुमाराला उठून जाते. त्या भागात मला आता ‘पोरं उचलणारी बाई’ म्हणतात.

त्याआधी उन्हाळ्यात शहरातली एक केस होती. अकरा वर्षांच्या मुलीला सावत्र वडील मारतात, असं शेजारणीनं कळवलं होतं. मी फोन करून गेले. घर चकचकीत, दोघंही नीट बोलले, चहा दिला. मुलगी म्हणाली, ‘काही नाही.’ मी ‘तथ्य आढळले नाही’ असं लिहून प्रकरण बंद केलं. तीन महिन्यांनी तिला हात मोडलेल्या अवस्थेत दवाखान्यात आणलं.

एकीकडे घाई केली, दुसरीकडे उशीर. रात्री दोन-अडीचला जाग येते ती येतेच. आई म्हणते, सोड ते काम. मार्चमध्ये करार संपतोय. मी या कामाच्या लायकीची आहे का, एवढंच सांगा.

एक कार्यकर्ती

*

अगं, लायकीचं नंतर बघू. वयानं बरीच मोठी आहे, म्हणून ‘तू’ म्हणते, आणि थोडं टोचून बोलणार आहे तेही आत्ताच सांगते.

घाई आणि उशीर, अशी तू दोन प्रकरणांची वाटणी केली आहेस. मला ती पटली नाही. दोन्हीकडे तू एकाच गोष्टीत चुकलीस. दोन्ही घरी तू एकदाच गेलीस. वस्तीवर तुला घाण दिसली आणि शहरात स्वच्छता दिसली, आणि दोन्ही वेळा जे पहिल्यांदा डोळ्यांत भरलं तेच अहवालात उतरलं. केर म्हणजे हेळसांड आणि चकाचक फरशी म्हणजे माया, असं आपण मनातल्या मनात धरूनच उंबरा ओलांडतो. मीही तेच करायचे.

माझी पहिली नेमणूक १९८८ ची, परिविक्षा अधिकारी म्हणून. जुना मुंबईचा मुलांचा कायदा जाऊन १९८६ चा बाल न्याय कायदा नुकता लागू झालेला, आणि लोकांच्या तोंडी मात्र एकच शब्द, ‘रिमांड होम’. आठ वर्षांच्या एका मुलाच्या घरी गृहचौकशीला गेले होते. वीटभट्टीच्या कडेला झोपडी. दुपारचे अडीच वाजलेले. शेवटची एसटी सव्वाचारला, फाटा तीन किलोमीटरवर. मी झोपडीत वाकून पाहिलं, मुलाला चार प्रश्न विचारले, शेजारच्या झोपडीतल्या म्हाताऱ्याला दोन. अहवालात लिहिलं, ‘आई घरी नसते. मूल दिवसभर एकटे. घरात शिजवलेले अन्न आढळले नाही.’ त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मुलगा संस्थेत गेला आणि अठरा वर्षांचा होईपर्यंत तिथंच राहिला. पुढं गॅरेजमध्ये लागला, आणि एक दिवस लग्नाची पत्रिका घेऊन माझ्या घरी आला. चहा पिताना सहज बोलल्यासारखं म्हणाला, “बाई, तुम्ही जरा थांबला असता तर आई पाचला यायची की.” रागानं नाही म्हणाला. गाडीची वेळ सांगावी तसं सांगितलं.

तो अहवाल मी लिहिला होता हे खरं, पण त्यातला मजकूर एसटीच्या वेळापत्रकानं ठरवला होता. तुझ्याकडे आता स्कूटी असेल, मोबाइलवर जागेचा फोटो घेता येत असेल, तरी तुझी एसटी सव्वाचारलाच सुटते. फरक इतकाच, की आता ती पोर्टलवर माहिती भरण्याच्या तारखेच्या रूपात सुटते.

कायद्यानं तुला दिलेला वेळ एवढा काही कमी नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलाला चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढे हजर करायचं आहे, प्रवासाचा वेळ सोडून. सामाजिक तपासणीला पंधरा दिवस आहेत आणि समितीच्या अंतिम आदेशाला पहिल्या हजेरीपासून चार महिने. पंधरा दिवसांत तीन वेळा जाता येतं. पण छापील नमुन्यात ‘भेटीची तारीख’ हा रकाना एकच असतो, म्हणून आपण एकदाच जातो. दुसऱ्या भेटीबद्दल तुला कुणी विचारणार नाही, साहेब नाही, समिती नाही, आणि प्रवासभत्ता तर मुळीच नाही.

आता वस्तीवरच्या घराकडे पुन्हा बघ. मी तिथं गेलेले नाही, पण तुझ्या पत्रावरून मला काही प्रश्न पडले.

पिठाचा डबा रिकामा होता. घरात जोंधळे होते का? कणगीत, पोत्यात, माळ्यावर? दळण राहिलं असेल, गिरणी लाइट नसल्यानं बंद असेल, किंवा दळणाचा डबा डोक्यावर घेऊन जाणारं माणूस फडावर आणि मागं राहिलेल्या माणसाला वाट दिसत नाही, असंही असेल. मग मुलं जेवत होती ती कुठं? सात वर्षांची पोर शाळेत खिचडी खाऊन येत असेल, चार वर्षांचा अंगणवाडीत. अंगणवाडीताईच्या वजनाच्या नोंदी पाहिल्यास का? उपाशी ठेवलेल्या मुलाचं वजन त्या वहीत महिन्या-महिन्याला उतरत जातं आणि ती वही कुणी तुझ्यासाठी आवरून ठेवलेली नसते. शाळेची हजेरी पाहिलीस का? रोज हजर असलेल्या मुलीला सकाळी कुणीतरी उठवतं, वेणी घालतं. रात्री मुलं कुणापाशी झोपतात हे विचारलंस? शेजारी चुलती असेल तर चूल तिची पेटते आणि ताटं चार जादा वाढली जातात, आणि हे तिला ‘मदत’ वाटत नसल्यामुळे ती आपण होऊन सांगत नाही.

आणि फोन कुणी केला होता? १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून १०९८ सुरू झाला तेव्हा तो रस्त्यावरच्या मुलांना स्वतःला फिरवता यावा म्हणून होता. आता २०२३ पासून तो सरकारच चालवतं, ११२ या आपत्कालीन नंबराशी जोडलेला आहे, आणि मोठी माणसंही सर्रास फोन करतात. भावकीत बांधाचा वाद असला की एखाद्याला अचानक दुसऱ्याच्या पोरांची दया येते. मात्र इथं सांभाळून. फोन करणाऱ्याच्या मनात काळं असलं तरी तो सांगतो ते खरं असू शकतं. त्याचा हेतू कळला म्हणून प्रकरण हलकं धरू नकोस. फक्त त्याच्या चष्म्यातून घर बघू नकोस.

मला सगळ्यात खटकलं ते ‘आईबाप एकदाही समितीपुढे आले नाहीत’ हे वाक्य. तू त्या भागातली आहेस, तुला उचल म्हणजे काय ते मी सांगायला नको. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून दसऱ्याच्या आधीच रक्कम उचललेली, ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. आजारपणात सुट्टी घेतली तर खाडा कापला जातो. मध्येच निघून आलं तर मुकादम दारात उभा. अशा माणसांना तू नोटीस कुठल्या पत्त्यावर पाठवलीस? घराच्याच असणार. त्या घरात ती वाचू शकेल असं एकच माणूस होतं, दुसरीतली मुलगी, आणि ती आता बालगृहात आहे. मुकादमाचा नंबर गावात दहा जणांकडे असतो. त्याला फोन लाव, टोळी कुठल्या कारखान्यावर आहे ते विचार आणि आईशी बोल. पहिल्यांदा बाईशीच बोल. तिला तिची पोरं कुठं आहेत हे नीट ठाऊक आहे की नाही, मला शंका आहे. कारखाना ज्या जिल्ह्यात असेल तिथल्या बाल संरक्षण कक्षाला पत्र देऊन, तोडकऱ्यांच्या कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, जाऊन पालकांचा जबाब घ्यायला सांगता येतं. तुझ्या साहेबांची सही लागेल, तेवढीच.

बाल न्याय कायद्याच्या ७५ व्या कलमात मुलाशी क्रूरतेनं वागणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, लाख रुपये दंड किंवा दोन्ही आहे, आणि त्यात दुर्लक्षही येतं. पण ते ‘जाणूनबुजून’ केलेलं दुर्लक्ष. जन्मदात्या आईबापांना आवाक्याबाहेरच्या परिस्थितीमुळे मुलाला सोडावं लागलं असेल तर ते जाणूनबुजून धरायचं नाही, हेही त्याच कलमात लिहिलंय. आणि तिसऱ्या कलमात जी सोळा तत्त्वं आहेत त्यांतलं बारावं म्हणतं, की संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. परीक्षेला ही तत्त्वं आपण पाठ करतो. पहिल्या नेमणुकीत विसरतो, कारण बालगृहात मूल ठेवलं की रात्री आपण निर्धास्त झोपतो. तुला झोप येत नाही, याचं मला त्यामुळं जरा बरंच वाटलं.

मुलांना त्या दिवशी हलवलंस हे चूक होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. चार वर्षांच्या मुलाच्या डोक्यात पू आहे आणि घरात बघणारं कुणी नाही, तर डॉक्टर हवाच होता, त्याच दिवशी. दवाखाना, मग समिती, इथपर्यंत मीही तेच केलं असतं. पुढच्या दोन महिन्यांत तू परत गेली नाहीस, ही चूक.

आता शहरातली मुलगी. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तुझ्या जागरणाबद्दल त्यात आहे, आईच्या बोलण्याबद्दल आहे, कराराबद्दल आहे. ती मुलगी सध्या कुठं आहे, हे नाही. हात जुळला का? आईजवळ आहे, मामाकडे आहे, बालगृहात? तो माणूस घरातच आहे का? तुला माहीत असेल आणि लिहायचं राहिलं असेल तर ठीक. माहीत नसेल तर हे पत्र बाजूला ठेव आणि आधी तेवढं शोध. तिच्याकडे माफी मागायला मात्र जाऊ नकोस. अकरा वर्षांच्या पोरीला आणखी एका मोठ्या माणसाची समजूत काढायला लावू नये. शाळा बंद पडली आहे का, व्यायामासाठी दवाखान्यात कोण नेतं, आईला कुणाचा आधार आहे, असल्या कामाच्या गोष्टींसाठी जा.

त्या घरी तू फोन करून गेलीस. म्हणजे त्यांना तयारीला वेळ मिळाला, आणि फरशीपेक्षा जास्त तयारी त्या मुलीची झाली असणार. मग तिला आईवडिलांच्या समोर विचारलंस. ‘काही नाही’ याशिवाय ती काय म्हणणार होती? तू उठून गेल्यावर त्याच घरात तिला रात्रीचं जेवायचं होतं. अशा मुलांशी शाळेत बोलावं. बाईंना सांगून, मधल्या सुट्टीच्या नंतर, वाचनालयाच्या खोलीत वगैरे, दार अर्धं उघडं ठेवून. पहिल्या दिवशी काही विचारूच नये. मी सोबत खडू, कागद, जुन्या दिवाळी अंकांतली चित्रं ठेवायचे. एक मुलगी सलग दोन भेटी नुसती कागदाच्या होड्या करत बसली. तिसऱ्या वेळी होडीकडे बघत म्हणाली, “पप्पांनी चावी फिरवली की मी बाथरूममध्ये जाते.” दाराच्या कुलपात चावी फिरल्याचा आवाज. मी फक्त ‘बरं’ म्हटलं. जे हवं होतं ते तिनं दिलं होतं, आणि तिच्याच शब्दांत दिलं होतं.

मुलाचे शब्द आहेत तसे लिही. ‘पप्पा पट्ट्यानं हाणतेत’ असं म्हणालं तर अवतरणात तसंच. ‘सदर बालिकेस वडिलांकडून शारीरिक छळ होत असल्याचे निदर्शनास आले’ असं केलंस की ते तुझं वाक्य झालं, आणि वकील तुला उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच विचारेल. तिच्या तोंडात शब्द घालू नकोस. ‘बाबांनीच मारलं ना?’ हा प्रश्न नव्हे, उत्तर आहे. आणि तीच हकिगत तिला कक्षात, पोलिसांत, समितीत, दवाखान्यात पुन्हा पुन्हा सांगावी लागू नये, हे बघणं तुझं काम आहे.

मुलाला कधीच म्हणू नकोस की ‘मी कुणाला सांगणार नाही.’ लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या १९ व्या कलमाखाली पोलिसांना कळवणं तुला बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे. म्हणून बोलणं सुरू होण्याआधीच सांगायचं, ‘तुला त्रास होत असेल तर तो थांबवायला मला दोन-तीन माणसांना सांगावं लागेल. कुणाला ते मी तुला आधी सांगेन.’ हे ऐकून मूल गप्प बसेल अशी भीती वाटते. माझा अनुभव वेगळा आहे. मुलांना खोटं वचन लगेच ओळखू येतं, त्यांना ते घरात रोज मिळत असतं. पोलीस जबाब घेतील तेव्हा तो मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षकानं, आणि गणवेश न घालता घ्यायचा असतो. हे त्यांना माहीत असतं. तू तिथं उभी असलीस की आठवतंही.

अंगावरच्या खुणांचं थोडं सांगते, कारण पाठ्यपुस्तकात ते नीट येत नाही. खेळकर पोराची नडगी, गुडघे, कपाळ निळंजांभळं असायचंच. कानाची पाळी, दंडाची आतली बाजू, पाठ, ढुंगण इथं सहसा पडून लागत नाही. न रांगणाऱ्या बाळाला कुठंही काळंनिळं असेल तर थांब. पण आपल्याकडच्या कितीतरी बाळांच्या कमरेवर जन्मतःच निळसर डाग असतात. मी एकदा त्यावरून एका बाळंतिणीला घाम फोडला होता. शेवटी आशाताईनं मला बाजूला घेऊन सांगितलं. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाच्या पोटावर तापल्या सळईचे चटके देतात. ते दुखणं बरं व्हावं म्हणूनच देतात, रडत रडत देतात, आणि तरी त्यानं बाळ दगावू शकतं. तिथं बाळाला आधी दवाखान्यात न्यावं लागतं, हेतूचा काथ्याकूट मागाहून. खूण कशाची हे तू ठरवू नकोस, डॉक्टर ठरवतील. तू कुठं, केवढी, कुठल्या रंगाची एवढं लिही आणि घरच्यांनी दिलेलं कारण त्यापुढे लिही. दोन वेगळ्या दिवशी दोन वेगळी कारणं मिळाली, तर त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. अर्थात त्यासाठी दोन दिवस जावं लागतं.

‘तथ्य आढळले नाही’ हे तीन शब्द मात्र वापरणं सोडून दे. ‘दि. अमुक रोजीच्या भेटीत, पालकांच्या उपस्थितीत, मुलीने काही सांगितले नाही. पुन्हा भेट आवश्यक.’ हे लिहायला अर्धा मिनिट जास्त लागतो आणि प्रकरण उघडं राहतं.

तू विचारलं नाहीस, पण चहाचं बोलायला हवं. शहरात तू चहा घेतलास. वस्तीवर पाणी प्यालीस का? नवीन मुली आता सगळ्या पाण्याची बाटली घेऊन जातात, तब्येतीसाठी ते ठीकच. पण आपल्या गावांमध्ये कोण कुणाच्या घरचं पाणी पितं याचा हिशेब लोक मनात ठेवतात, तुझं आडनाव त्यांनी ओळखपत्रावर वाचलेलं असतं, आणि बाटलीतला घोट घेतलेला सगळी वस्ती बघते. मी मागून घ्यायचे. ‘मावशी, घोटभर पाणी द्या.’ पाणी कुठून आणलं, किती लांबून, तांब्या कुणी विसळला, मूल आपण होऊन उठलं की दचकून उठलं, हे सगळं त्या पाच मिनिटांत न विचारता कळतं. शहरात मात्र उलट. तिथला चहा म्हणजे तुला पाहुणी करून टाकणं. पाहुणी आतल्या खोलीत जात नाही.

‘पोरं उचलणारी बाई’ हे हसण्यावारी नेऊ नकोस. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची भिक्षा मागायला आलेली माणसं होती ती, आणि कारण होतं पोरं पळवणारी टोळी आल्याची अफवा. तुझ्यावर तर मुलं नेल्याचा पुरावाच आहे. वस्तीवर एकटी जात जाऊ नकोस. आधी ग्रामपंचायत, पोलीस पाटलाला सांगणं, अंगणवाडीताईला सोबत घेणं, ओळखपत्र गळ्यात. ग्राम बाल संरक्षण समिती तुझ्या गावात कागदावर असेलच. तिची एखादी खरी बैठक घे. लोकांना सांग की मुलं कुठं आहेत आणि परत कधी येऊ शकतात. मूल नेलं तेव्हा गाडी सगळ्यांनी पाहिली. त्यानंतर काय झालं हे कुणी सांगितलं नाही, म्हणून गावानं आपलं आपण ठरवलं.

नोकरीचं. मार्चपर्यंत काही ठरवू नकोस, एवढंच म्हणेन. अकरा-अकरा महिन्यांच्या आदेशावर माणसांना अशी कामं करायला लावणं मला लाजिरवाणं वाटतं, आणि तू सोडलंस तर तुला नावं ठेवणारी मी शेवटची. पण रात्री अडीचला घेतलेले निर्णय सकाळी टिकत नाहीत. आठवड्यातून एक तास सहकाऱ्यांबरोबर बसायचा रिवाज पाड, फक्त केसवर बोलायला, नावं न घेता, मोबाइल बाजूला ठेवून. आमच्या वेळी आम्ही चौघी जणी शनिवारी कार्यालयामागच्या टपरीवर बसायचो. एकीचं म्हणणं दुसरी खोडून काढायची. तुझ्या शहरातल्या केसला तिथं कुणीतरी नक्की विचारलं असतं, ‘मुलीला एकटीला भेटलीस का?’ तसं होऊनही झोप आलीच नाही तर सरळ डॉक्टरकडे जा, त्यात कमीपणा नाही.

राहिली आजी.

ती मंगळवारीच का येते, याचा विचार केलास? माझा अंदाज सांगते. मंगळवारी तुमच्याकडे आठवडी बाजार असणार, त्या दिवशी वस्तीवरून जीप येत असणार, आणि परतीची जीप चारला सुटत असणार. म्हणजे जिला दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही ती म्हातारी कुणाचा तरी हात धरून जीपमध्ये चढते, बाजारात उतरते, विचारत विचारत तुझ्या कार्यालयाच्या पायऱ्या चढते, आणि तीन-चार तास बसून जीपच्या वेळेला उठते. गेले दोन महिने, एकही मंगळवार न चुकवता. तुझ्या अहवालात तिच्याबद्दल एक ओळ असेल, ‘आजी वृद्ध व अंध असून बालकांची काळजी घेण्यास असमर्थ.’ त्या घरात लक्ष देणारं माणूस नव्हतं, असं तू लिहिलंस. माणूस होतं. त्याला दिसत नव्हतं.

पिकलेला मोतीबिंदू सरकारी दवाखान्यात फुकट काढून मिळतो. गावाकडे थंडीत डोळ्यांची ऑपरेशनं करून घ्यायची पद्धतही आहे. येत्या मंगळवारी ती आली की बाकावरून तिला आत तुझ्या टेबलाशी आण, पाणी दे, आणि तिच्याशी बोल. मग त्याच दिवशी नेत्रविभागात ने. तारीख मिळेल. ऑपरेशननंतर डोळ्यांत थेंब कोण घालणार, तर त्या चुलतीला किंवा जी कुणी असेल तिला बोलवून घे. त्यानिमित्तानं रात्री मुलं कुणापाशी झोपायची तेही कळेल. आजीचं वय पासष्टच्या वर असेल आणि श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये तिला मिळत नसतील तर तलाठ्याकडून कागद करून घे. गावात ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठी शाळेचं हंगामी वसतिगृह चालू असेल तर मोठीचं सकाळ-संध्याकाळचं जेवण तिथं होईल. बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये मिळतात, त्यात हे घर बसतं का, ते तुमच्या संस्थाबाह्य काळजीच्या, म्हणजे बालगृहाबाहेर मुलं सांभाळण्याचं काम बघणाऱ्या, संरक्षण अधिकाऱ्याला विचार आणि समितीपुढे ठेव.

मग पूरक अहवाल लिही. चार महिने मार्चच्या आसपास संपतील, म्हणजे अजून वेळ आहे. त्यात अंगणवाडीचं वजन, शाळेची हजेरी, चुलतीचा जबाब, आईशी फोनवर झालेलं बोलणं, उचलीची रक्कम, ऑपरेशनची तारीख. शेवटी बाल न्याय कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली मुलांना देखरेखीसह कुटुंबाकडे परत देण्याची शिफारस, आणि देखरेख करणारी म्हणून तुझं नाव. समिती ऐकेलच असं नाही. न ऐकली तर निदान मुलांना आजीला भेटू देण्याचा आदेश तरी घे, आणि त्यासाठी मंगळवारच माग, नाहीतर तिला जीप मिळायची नाही.